टोपली वाजवा

आमच्या कंपनीत दोन गोष्टी रोज साठतात. एक म्हणजे बिअर काढून उरलेला सातूचा चोथा आणि दुसरे किस्से. चोथा न्यायला वरकुट्याचे गोठेवाले ट्रॅक्टर घेऊन येतात. एक दिवस ट्रॅक्टर चुकला तर ढीग शेडच्या बाहेर येतो आणि त्याच्या वासाने माणूस हैराण होतो. किश्शांना ट्रॅक्टर नाही. ते जेवणाच्या सुट्टीत एका डब्यावरून दुसऱ्या डब्यावर फिरत राहतात आणि फिरता फिरता वाढतात. त्यातले बिरूतात्यांचे तेवढे मी आज सांगणार आहे. आठ महिने मला ते सांगता येत नव्हते, आणि न सांगणं हे माझ्यासारखीला फार जड जातं.

मी तिथे लॅबमध्ये आहे. निमगाव केतकी सोडून थोडं पुढे आलं की डाळिंबाच्या बागांमधून आमच्या टाक्या चमकताना दिसतात. बिअरचा कारखाना म्हटलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघतात. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "ती पाणी तपासते." मीही दुरुस्त करायला जात नाही. बिअरमध्ये पाणीच जास्त असतं.

*

खेळ आणला बर्वे साहेबांनी. ते आमचे प्लँट हेड. परदेशात ट्रेनिंगला गेले होते, तिथल्या एका बिअर कंपनीच्या आवारात लोक प्लॅस्टिकच्या चकत्या फेकून लोखंडी टोपलीत पाडताना त्यांनी पाहिले. डिस्क गोल्फ. खांबावर टोपली, टोपलीच्या वर लोंबत्या साखळ्या. चकती साखळीला आपटते आणि खाली टोपलीत पडते. कमीत कमी फेकींत जो नऊ टोपल्या पुऱ्या करील तो जिंकला. आमच्या आवारात बाभळी, मुरूम आणि गवत यांना तोटा नाही, तेव्हा साहेब म्हणाले, "शिफ्ट सुटल्यावर सगळ्यांनी तासभर खेळायचं."

टोपल्या बनवायचं काम आमच्याच वर्कशॉपला दिलं. आठ दिवसांनी पहिली टोपली आली. सुंदर वेल्डिंग, वर जाळीचं झाकण, झाकणाला कडी, आणि कडीला कुलपासाठी दोन भोकं.

साहेब म्हणाले, "अहो, झाकण बंद असेल तर चकती आत कशी जाणार?"

फिटर जरा दुखावलाच. "साहेब, आपल्या कंपनीत कुलूप-सीलाची जागा न ठेवता मी आजवर एक भांडं केलेलं नाही. एक्साइजवाले विचारतील ना."

झाकण कापलं. कडी मात्र नऊही टोपल्यांना अजून आहे.

*

बिरूतात्या आमचे गेटवरचे सिक्युरिटी, काँट्रॅक्टरने लावलेले. वरकुट्याचे. तरुणपणी मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे, पावसाआधी परत यायचे. मग मेंढरं विकली, थोडी शेती केली आणि शेवटी खाकी शर्ट घातला. वय सत्तावन्न. साठाव्या वर्षी सुटणार.

ते खेळात आले तेही अपघातानेच. पहिल्या टोपलीशी फिटर साखळ्या हलवून बसवत होता, खळ्ळ खळ्ळ आवाज चालू होता. एक चकती घरंगळत गेटपाशी गेली. तात्यांनी उचलली, मान थोडी वाकडी केली आणि चक्क पाठमोरं वळून, कमरेतून झटका देऊन सोडली. चकती बाभळीच्या कडेने वळली आणि फिटरच्या कानाजवळून जाऊन साखळीवर आपटली. फिटर खाली बसला तो बराच वेळ उठला नाही.

"तात्या, कुठं शिकलात?" मी विचारलं.

"पुढं निघालेलं मेंढरू मागं वळवायला ढेकूळ टाकायचं असतंय, ताई. मेंढराला लागलं न्हाय पायजे, त्याच्या म्होरं पडलं पायजे. ईस-पंचीस वर्षं त्येच केलं."

दुसऱ्या दिवसापासून तात्या ड्युटी संपली की खेळायला. पण त्यांची एक अट होती. चकती टाकण्याआधी कोणीतरी टोपलीपाशी जाऊन साखळी वाजवायची. "देवळात गेल्यावं घंटा वाजवतोच की आपण. टोपली जागी करायची आन् मग टाकायची."

लोकांना हे फार आवडलं. महिन्याभरात सगळेच तसं करायला लागले. "टोपली वाजवा" अशी हाक पडायची, कोणीतरी पळत जाऊन खळखळ करायचं आणि मग फेक. बर्वे साहेबसुद्धा वाजवून घ्यायचे. जगात कुठेही हा खेळ असा खेळत नाहीत, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

*

एक चकती बाँडरूममध्ये गेली तो दिवस कोणी विसरणार नाही. बाँडरूम म्हणजे तयार मालाचं गोदाम. त्याला दोन कुलपं, एक कंपनीचं आणि एक एक्साइजचं. इन्स्पेक्टर साहेब आमच्याच आवारात बसतात, ते आल्याशिवाय दार उघडत नाही. बॉटलिंगच्या पोराने जोरात टाकली आणि लाल चकती झरोक्यातून थेट आत.

इन्स्पेक्टरांनी दार उघडलं, चकती पाहिली आणि परत कुलूप लावलं. "आत जे आलेलं नोंदीत नाही, ते बाहेर गेलेलं मी कसं दाखवू?"

चार दिवस ती चकती सरकारी कुलपात होती. शेवटी बर्वे साहेबांनी पत्र लिहिलं, आधी ती आत आल्याचं दाखवलं, मग बाहेर जायचा गेटपास निघाला. माल: चकती. नग: एक. अल्कोहोल: निरंक. मी स्वतः तो पास घेऊन गेटवर गेले. तात्यांनी तो नाकाला टेकेल इतका जवळ धरला आणि बराच वेळ वाचला. मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसलेसुद्धा. आज आठवलं की माझाच राग येतो.

*

आमच्या गेटवर एक नियम होता. गाडी आली की ड्रायव्हरने काच खाली करून स्वतःच्या तोंडाने गाडीचा नंबर सांगायचा. तात्या लिहून घेणार, मग गेट उघडणार. ट्रकवाले, टँकरवाले, ऑडिटला आलेले मोठे साहेब, सगळे मुकाट्याने नंबर सांगायचे. एका ड्रायव्हरने विचारलं होतं, "पुढं लिहिलाय की." तात्या म्हणाले, "पुढं कुणीबी लिवंल. तुला तुजा नंबर म्हाईत हाय का, त्ये बघायचंय." सगळ्यांना वाटायचं, वरून आलेला नियम असणार.

एके दिवशी माझी स्कूटी बिघडली म्हणून मी नवऱ्याची कार घेऊन आले. तात्यांनी सवयीने विचारलं, मी सवयीने सांगितला. त्यांनी लिहिला. गेट उघडलं. मी गाडी आत घेतली आणि दहा पावलांवर ब्रेक दाबला, कारण मी स्कूटीचा नंबर सांगितला होता.

मी उतरून परत आले. "तात्या, मी चुकीचा नंबर दिला. पाटी तुमच्या समोर होती."

तात्या इकडेतिकडे कान देऊन म्हणाले, "कुणी हाय का?"

"नाही."

"पाटी असती तितं, एवढं म्हाईत हाय. आकडं दिसत न्हाईत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय, ताई. जवळचं लावतो कसंतरी. लांबचं समदं धुकं. टोपली वाजली की कळतंय कुठं हाय."

मी म्हटलं, अहो, मग ऑपरेशन करून घ्या, पंधरा मिनिटांचं काम असतं. त्यावर त्यांनी थोरल्या भावाचं सांगितलं. त्याचं ऑपरेशन झालं, घरी आला, पट्टीवर पाणी गेलं, डोळ्यात पू झाला आणि तो डोळा गेला. बाकीची दहा वर्षं तो ओट्यावर बसून होता, कोण आलं कोण गेलं ते विचारत. "मला तसं बसवू नका. तीन वर्षं ऱ्हायल्यात. धाकटी ल्येक बारामतीत फार्मसीला हाय, तिचं उरकंल. कळलं तर काँट्रॅक्टर दुपारच्याला मला घरी धाडंल."

आणि मी, लॅबमधली, रोज इतरांच्या चुका शोधून लाल पेनने लिहिणारी, म्हणाले, "कोणाला सांगणार नाही."

*

शितोळे नावाचा माणूस तुम्हाला सांगायला हवा. आमचे ॲडमिन ऑफिसर, मूळचे कऱ्हाटीचे. आवाज कधी चढत नाही, पायात रबरी तळव्याचे बूट, त्यामुळे ते मागे येऊन उभे राहिले तरी कळत नाही. तात्या आम्हा सगळ्यांना पावलांवरून ओळखायचे, लांबून नावाने हाका मारायचे. शितोळ्यांना मात्र कधीच नाही. शितोळ्यांनी ते टिपलं असणार. त्यांना सगळंच टिपायची सवय.

एकदा ते गेटपासून पंधरा-वीस पावलांवर उभे राहिले आणि हात वर करून म्हणाले, "तात्या, माझ्या हातात काय आहे?"

मी लॅबच्या पायऱ्यांवर होते. हातात टॉर्च होता, मला स्पष्ट दिसत होता. तात्यांचा चेहरा आवाजाच्या दिशेने वळला.

तात्या म्हणाले, "साहेबाच्या हातात काय हाय त्ये गेटवाल्यानं बघायचं नसतंय."

आजूबाजूचे हसले. शितोळे हसले नाहीत. त्यांनी टॉर्च खिशात घातला आणि निघून गेले.

*

यापुढचा किस्सा जेवणाच्या टेबलावर कधीच फिरला नाही. तो फक्त दोघांना माहीत होता.

टाक्या धुवायच्या कॉस्टिकचा टँकर रिव्हर्स येत होता. मागे तात्या, हाताने दाखवत, "येऊ दे, येऊ दे." पाचव्या टोपलीवरून माझी चकती सुटून नेमकी टँकरच्या मागच्या गवतात पडली होती आणि मी वाकून ती शोधत होते. टँकर दुसरीकडे वळेल असं मी धरून चालले होते. तात्या मला बघतायत असंही धरून चालले होते, म्हणजे त्या क्षणी मी विसरलेच होते. सवयीने माणूस विसरतो.

मी उठायला गेले तशी कमरेचा लॅबच्या किल्ल्यांचा जुडगा वाजला. तात्या ओरडले, "थांब!" असं ओरडणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. टँकर थांबला. माझ्या पाठीत आणि त्याच्या बंपरमध्ये दोन हात अंतर होतं.

तात्या स्टुलावर बसले. "ताई, तुमी दिसलाच न्हाय."

मी चिडले होते, त्यांच्यावर आणि त्याहून जास्त स्वतःवर. मी लपवलं म्हणून ते तिथे उभे होते. म्हटलं, "तात्या, आज मी होते. उद्या दुसरं कोणी असेल, त्याच्याकडे किल्ल्या नसतील. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

"शनवारी बारामतीवाल्यांसंगं म्याच हाय, तेवढी होऊ द्या. मग मीच सांगतो. बिरोबाची आण."

मी शनिवारपर्यंत थांबले. पण तेव्हापासून कोणताही टँकर आला की मी लॅब सोडून धावत जायचे आणि मागे उभी राहून स्वतः दाखवायचे. तिसऱ्या वेळी मागून आवाज आला, "मॅडम, हल्ली टँकर पण तुम्हीच तपासता का?" शितोळे होते.

*

त्याच आठवड्यात बोर्डावर नोटीस लागली. गेटवरच्या आणि गाड्यांवरच्या सगळ्यांची सोमवारी डोळे तपासणी. सही शितोळ्यांची.

लोक तात्यांची बाजू घ्यायला लागले, म्हणजे आपण बाजू घेतोय हे त्यांनाही माहीत नव्हतं. फिटर म्हणाला, "तात्यांची कशाला तपासणी? ज्याला बाभळीमागची टोपली दिसते त्याचे डोळे डॉक्टरपेक्षा चांगले."

शितोळे तिथेच होते. म्हणाले, "खरंय. शनिवारी बघूच."

*

शनिवारची मॅच बारामती एमआयडीसीतल्या एका कंपनीबरोबर होती. त्यांनीही नुकताच हा खेळ सुरू केला होता. चार जण त्यांचे, चार आमचे, पंच बर्वे साहेब. सगळा प्लँट बाहेर आला होता, काही गोठेवालेही ट्रॅक्टरवर बसून बघत होते. त्या दिवशी शितोळे बुटांऐवजी कोल्हापुरी घालून आले होते. करकर करकर. तात्यांनी मान वळवली आणि मला हळूच म्हणाले, "शितोळे साहेब आज पायानं बोलत्यात."

आठ टोपल्यांपर्यंत आम्ही बरोबरीत. नवव्या टोपलीवर दोन्हीकडचे शेवटचे गडी राहिले, त्यांचा कॅप्टन आणि आमचे तात्या. नववी टोपली तळ्याच्या बांधावर आहे. संध्याकाळी तिच्या मागे सूर्य असतो आणि पाण्याची चमक थेट डोळ्यात येते. मला ती नीट दिसत नाही, तात्यांना काय दिसणार. पाणीही आवाज करत नाही.

कॅप्टनची दुसरी फेक टोपलीच्या कडेला लागून बाहेर पडली. तिसरीत त्याने चकती आत घातली. तात्यांनी टोपली वाजवून घेऊन पहिली फेक टाकली होती, ती बांधाच्या अलीकडे, टोपलीपासून साठेक फुटांवर पडली होती. आता दुसरीत आत गेली तर आम्ही जिंकलो.

फिटर टोपलीकडे पळाला. "टोपली वाजवा!"

कॅप्टन पुढे आला, हातात मोबाइल. सभ्य मुलगा होता, उगाच कशाला वाईट म्हणू. "सर, मघापासून बघतोय. फेकताना टोपलीला कोणी हात लावायचा नाही, नियमात आहे. आतापर्यंत सोडलं, शेवटच्या फेकीला नको."

बर्वे साहेबांनी मोबाइलवरचा नियम दोनदा वाचला. मग फिटरला परत बोलावलं. "तात्या, आजच्या दिवस न वाजवता टाका. तुम्हाला काय फरक पडतो?"

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. ते चकती हातात घेऊन उभे होते आणि मान इकडून तिकडे फिरवत होते. वारा पडला होता. एकही साखळी हलत नव्हती. फिटर कुजबुजला, "तात्या, सरळ समोर आहे की." मला ओरडून सांगावंसं वाटलं, की तात्यांना दिसत नाहीये, मॅच थांबवा. तोंड उघडलंही होतं. सोमवार कशाला, सगळं आत्ताच इथे होणार होतं, गोठेवाल्यांच्या देखत. तात्यांनी बाहीने डोळे पुसले आणि चुकीच्या दिशेला तोंड करून पवित्रा घेतला. त्यांच्या समोर टोपली नव्हती, तळं होतं.

करकर करकर.

शितोळे गर्दीतून निघाले आणि चपला वाजवत बांधावर चढले. टोपलीपाशी गेले. खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि एकेक साखळी हातात धरून हलवायला लागले. खळ्ळ. खळ्ळ.

कॅप्टन म्हणाला, "अहो साहेब, फेक चालू आहे."

"मी ॲडमिन आहे," शितोळे मागे न बघता म्हणाले. "कंपनीच्या मालमत्तेची पाहणी चाललीय. गंज बघतोय. तुमचं चालू द्या."

"पण नियम..."

"नऊ साखळ्या आहेत. पाच झाल्या. मला घाई करू नका."

तात्यांची मान वाकडी झाली. पाय हलले. ते सावकाश वळले, तळ्याकडून टोपलीकडे, आणि थांबले. शितोळ्यांनी शेवटची साखळी जोरात हलवली आणि दोन पावलं बाजूला झाले. तात्यांनी कमरेतून झटका दिला.

चकती साखळीवर आपटली तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग बाकीचा गोंधळ सुरू झाला, ट्रॅक्टरचे हॉर्न वाजले, फिटर नाचला, कॅप्टन बर्वे साहेबांशी वाद घालत राहिला आणि साहेब त्याला चहा घ्या म्हणत राहिले. फेक धरायची की नाही हे आजही ठरलेलं नाही.

शितोळ्यांनी टोपलीतली चकती काढली आणि चपला करकरत येऊन तात्यांच्या हातात दिली. मी तात्यांच्या शेजारीच होते. म्हणून तर हे सांगू शकते.

तात्या म्हणाले, "साहेब, मला तुमाला एक सांगायचंय."

"सोमवारी आठला तयार राहा," शितोळे म्हणाले. "मी गाडी घेऊन येतो."

"तपासणी तर हितंच हाय की."

"तपासणीला नाही. बारामतीला, डोळ्यांच्या दवाखान्यात. पट्टी सुटेपर्यंत रोज मी येऊन बघणार, पाणी लागलं तर याद राखा. गेटवर तुमच्या जागी पंधरा दिवस दुसरा माणूस लावलाय. पंधराच."

तात्यांचा हात चकतीवर तसाच राहिला. मी शितोळ्यांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. शपथेवर.

शितोळे जायला वळले, मग थांबले.

"गाडीचा नंबर लिहून घ्या," ते म्हणाले. "तोंडानं सांगतो. तसा नियम आहे ना तुमच्या गेटवर?"

आणि त्यांनी सावकाश, एकेक आकडा सुटा करून, नंबर सांगितला. तात्यांनी खिशातून पेन काढलं.